कोस्टा रिकाला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणारे साधारण दोन गटांतले असतात. एक, अमेरिकेत राहणारी मुलं, ज्यांना भारतातून आलेल्या आई-बाबांना आठवडाभर कुठेतरी न्यायचंय. दुसरे, मुंबई-पुण्याहून थेट निघणारे, ज्यांचं युरोप, दुबई, थायलंड सगळं करून झालंय. दोघांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

हिरवीगार झाडी, पाऊस आणि समुद्र तर कोकणातही आहे. मग एवढ्या लांब कशाला?

नुसता समुद्र आणि नारळाची झाडं हवी असतील तर खरंच जाऊ नका, गुहागर बरं. कोस्टा रिकाला जायचं ते जंगल आणि त्यातले प्राणी पाहायला. मध्य अमेरिकेतला हा चिंचोळा देश. वर निकाराग्वा, खाली पनामा, एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र. क्षेत्रफळ ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम सहावा हिस्सा. पण तेवढ्यात किनाऱ्यावरच्या दमट रानापासून ३,८२१ मीटर उंच चिरिपो शिखरापर्यंत सगळं आहे. दोन-तीन तास गाडी हाकली की झाडं बदलतात, पक्षी बदलतात, अंगावर स्वेटर चढतो.

हे जंगल आयतं टिकलेलं नाही, हेही जाण्याआधी माहीत असावं. गुरांच्या कुरणांसाठी इथे बेसुमार तोड झाली होती आणि १९८० च्या दशकात देशाचा जेमतेम पाव भाग जंगलाखाली उरला होता. आज तो निम्म्याहून जास्त आहे. १९९६ च्या वनकायद्याने जंगल तोडून जमीन दुसऱ्या कामाला लावायला बंदी घातली आणि जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे द्यायला सुरुवात केली. त्यातला मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. सैन्य तर त्यांनी १९४८ मध्येच मोडीत काढलं. शाळा, दवाखाने आणि पुढे राष्ट्रीय उद्यानांना पैसा मिळाला त्यामागे तेही एक कारण सांगितलं जातं.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो. पण तुमच्याकडे अमेरिकेचा चालू मुदतीचा, मल्टिपल एंट्रीचा बी१/बी२ (पर्यटनाचा किंवा कामकाजाच्या भेटीचा) व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांचं काम त्यामुळे सोपं होतं. हा व्हिसा नसेल तर कोस्टा रिकाच्या दिल्लीतल्या दूतावासाकडे अर्ज करायचा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी आणि परतीचं तिकीट जवळ हवं. ते चेक-इनलाच मागतात. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या माहितीवर विसंबू नका.

मी एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) आहे, पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय. मेक्सिकोला जाऊन आलो तसा इथूनही परत येईन ना?

नाही. संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची सवलत कॅनडा आणि मेक्सिकोच्या छोट्या सहलीपुरती आहे. कोस्टा रिका तिच्यात बसत नाही. आधी स्टॅम्पिंग, मग सहल.

भारतातून जायचं कसं?

थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. नाहीतर माद्रिद, ॲमस्टरडॅम, पॅरिस, फ्रँकफर्ट अशा ठिकाणांहून सान होसेला विमानं जातात. तिथल्या ट्रान्झिटचे नियम वेगळे तपासा. घरापासून हॉटेलपर्यंत दीड दिवस मोडतो असं धरून चाला. वेळेतला फरक साडेअकरा तासांचा, म्हणजे दिवस-रात्रीची पुरती उलटापालट. पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका.

विमानतळ दोन आहेत. राजधानी सान होसेजवळचा हुआन सांतामारिया आणि वायव्येकडचा लिबेरिया. ग्वानाकास्ते प्रांताच्या समुद्रकिनाऱ्यांवरच जायचं असेल तर लिबेरिया सोयीचा. उतरायचं एकीकडे आणि परतीचं विमान दुसरीकडून धरायचं, असंही जमतं आणि त्यात बराच प्रवास वाचतो.

यलो फीव्हरची लस घ्यावी लागते का?

भारतातून किंवा अमेरिकेतून सरळ जाणाऱ्यांना नाही. गोंधळ होतो तो पेरू, कोलंबिया किंवा पनामा जोडून सहल आखणाऱ्यांचा. दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांतून येणाऱ्यांकडे कोस्टा रिका लसीचं प्रमाणपत्र मागतो. शिवाय अशा देशांत राहून सहा दिवसांच्या आत भारतात परतलात आणि प्रमाणपत्र नसलं, तर मुंबई विमानतळावर तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

पॅसिफिकच्या बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडा मोसम, मे ते नोव्हेंबर पावसाचा. नाताळ आणि ईस्टरच्या आठवड्यात गर्दी आणि दर दोन्ही कळस गाठतात.

मला विचाराल तर जुलै किंवा नोव्हेंबरचा उत्तरार्ध. इथला पाऊस आपल्या आषाढासारखी दिवसभर झड लावून बसत नाही. सकाळ बहुधा स्वच्छ असते आणि दुपारनंतर कोसळतो. सगळं फिरणं सहा ते बारामध्ये उरकायचं, मग जेवून ओसरीत बसायचं. जुलैत तर काही दिवस उघडीपही मिळते. पॅसिफिकच्या बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबर मात्र टाळा. गंमत म्हणजे त्याच दोन महिन्यांत कॅरिबियन किनारा बऱ्यापैकी कोरडा असतो. सुट्टी तेव्हाच मिळत असेल तर सरळ काविता आणि प्वेर्तो विएहो गाठा.

वर्षभर एक गोष्ट कायम. देश विषुववृत्ताच्या जवळ असल्याने सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास अंधार पडतो. "संध्याकाळी निवांत निघू" हे इथे चालत नाही.

आठ दिवस आहेत. काय काय बघून होईल?

तीन ठिकाणं, त्याहून जास्त नाही. यावर सगळ्यांशी वाद होतो. देश नकाशावर एवढासा दिसतो म्हणून लोक सहा ठिकाणं कोंबतात आणि निम्मी सहल व्हॅनच्या काचेतून बघतात. रस्ते डोंगरातले, बहुतेक दोनच पदरी, पुढे अननसांचा ट्रक. सान होसे ते मान्वेल आंतोनियो अंतर १६० किलोमीटर आहे, पण तीन तास धरा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आरेनाल, मोंतेवेर्दे आणि मान्वेल आंतोनियो ही जोडणी उत्तम. ज्वालामुखी, ढगातलं जंगल आणि समुद्र तिन्ही होतं. आरेनालच्या पायथ्याचं ला फोर्तुना हे गाव पर्यटकांनी गजबजलेलं आहे, तरी गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी दोन रात्री द्या. महागड्या रिसॉर्टांच्या शेजारीच रस्त्याकडेला गरम पाण्याची नदी वाहते आणि तिथे गावकरी फुकट डुंबत असतात. तिथून मोंतेवेर्देला रस्त्याने जायचं तर आख्ख्या आरेनाल तलावाला वळसा पडतो. त्यापेक्षा व्हॅन, मग तलावातून होडी, मग पुन्हा व्हॅन अशी जोडसेवा घ्या. तलावातून मागे वळून ज्वालामुखीचा सुळका दिसतो, तो रस्त्यावरून तसा दिसणार नाही.

मोंतेवेर्देची हकिकत मजेशीर आहे. अमेरिकेत सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध करणारी क्वेकर पंथाची काही कुटुंबं सैन्य नसलेला देश शोधत १९५१ मध्ये इथे आली. दुधाचा आणि चीजचा धंदा सुरू केला, आणि पाण्याचा उगम टिकावा म्हणून डोंगरमाथ्यावरचं जंगल मात्र तोडलं नाही. पुढे १९७२ मध्ये तिथे राखीव जंगल झालं. झाडांच्या फांद्यांवर शेवाळ, त्यावर ऑर्किड, त्यावर आणखी कसली तरी नेची, आणि सगळ्यातून ढग सरकतोय. आंबोलीला पावसात गेलेल्यांना हा गारवा ओळखीचा वाटेल, पण कानाशी भुर्रकन येऊन हवेत एका जागी थबकणारे हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीत. ते फक्त अमेरिका खंडांतच असतात. राखीव जंगलाच्या दाराशी साखरपाणी ठेवलेलं असतं, तिथे ते हातभर अंतरावरून दिसतात.

दहा-बारा दिवस असतील तर चौथं ठिकाण कॅरिबियन किनाऱ्यावरचं तोर्तुगेरो किंवा ओसा द्वीपकल्पावरचं कोर्कोवादोचं जंगल. कोर्कोवादोत गाईडशिवाय प्रवेशच नाही. तिथे ओल, चिखल, माश्या सगळं सोसायची तयारी हवी. सान होसे शहराला अर्धा दिवस पुरे.

प्राणी खरंच दिसतात, की ताडोबासारखं नशिबावर?

दिसतात, पण गाईड घेतलात तर. एवढ्या एकाच गोष्टीवर मी कुणालाही काटकसर करू देत नाही. मान्वेल आंतोनियोत गाईड न घेता फिरणारी कुटुंबं पानं बघून परत येतात. आणि त्याच वाटेवर गाईड तिपाईवरची दुर्बीण रोखून थांबतो, तुम्ही डोळा लावता, तर मघाशी वाळक्या पाल्याचा गोळा वाटलेल्या जागी एक चेहरा असतो. डोळ्यांभोवती काळे पट्टे, तोंडावर कायमचं हसू, केसांवर हिरवट शेवाळाची झाक. तीन बोटांचा स्लॉथ. मग तो हात लांब करून पुढची फांदी धरतो, आणि एवढं करायला त्याला इतका वेळ लागतो की रांगेतल्या सगळ्यांचं दुर्बिणीतून बघून होतं. हा प्राणी शौचाला आठवड्यातून साधारण एकदा झाडावरून खाली उतरतो.

माकडांच्या चार जाती आहेत. हाउलर माकडांची डरकाळी पहाटे झोपेतून उठवते आणि जवळपास वाघ आहे असंच वाटतं. तोंडाभोवती पांढरी असलेली कापुचिन माकडं मात्र आपल्या माथेरानच्या माकडांइतकीच चोर आहेत. पिशवीची चेन उघडतात.

क्वेत्झाल पक्षी बघायचा असेल तर सान हेरार्दो दे दोता हे गाव गाठा, शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये. तिथल्या रानटी अवोकाडोच्या झाडांवर तो फळं खायला येतो. हिरव्या-लाल नराची शेपटी अंगापेक्षा लांब असते.

प्राण्यांना खाऊ घालणं, हात लावणं, उचलून सेल्फी काढणं बंद. मान्वेल आंतोनियोत खाण्याचे पदार्थ आणि एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिक दारावरच काढून घेतात, तेव्हा चिवडा-चकलीचा डबा हॉटेलवर ठेवा. हे उद्यान मंगळवारी बंद असतं, आणि तिकीट आधी ऑनलाइनच काढावं लागतं. परदेशी माणसाला साधारण १८ डॉलर पडतात.

कासवं कधी आणि कुठे दिसतात?

वेळास, आंजर्ल्याचा कासव महोत्सव पाहिलेल्यांनी हा भाग जरा नीट वाचावा. तिथे आपण पाहतो ती ऑलिव्ह रिडलेची पिल्लं, आणि तीच जात कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर ओस्तिओनालला येते. फरक संख्येचा. इथे एकेका खेपेला हजारोंच्या झुंडी काही रात्री लागोपाठ किनाऱ्यावर चढतात, पावसाळ्यात सर्वांत जास्त. पहिल्या रात्रींची अंडी नंतर येणाऱ्या माद्यांच्या पायांखाली तुडवली जातातच, म्हणून तिथल्या गावकऱ्यांना सुरुवातीची काही अंडी काढून विकायची कायदेशीर मुभा आहे. बदल्यात ते किनारा राखतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण माणसाला गुंतवून घेतल्याशिवाय कासव वाचत नाही हे वेळासलाही कळलेलंच आहे.

तोर्तुगेरोला हिरवी कासवं येतात, जुलै ते ऑक्टोबर. त्या गावाला रस्ताच नाही, होडीने किंवा छोट्या विमानाने जायचं. कासवं बघायला रात्री परवानाधारक गाईडबरोबरच सोडतात. अंगात गडद कपडे. कॅमेरा, मोबाइल, विजेरी काही नाही. मादी वाळूत खड्डा खणत असताना लांब थांबवतात, कारण त्या वेळी चाहूल लागली तर ती परत समुद्रात जाते. अंडी घालायला लागली की मग गाईड लाल दिव्याच्या उजेडात मागच्या बाजूने नेतो. पिंगपाँगच्या चेंडूएवढी ओली अंडी दोन-दोन, तीन-तीन अशी पडत असतात, साधारण शंभरेक. मग ती मागच्या पायांनी वाळू ओढून थोपटून बसवते आणि पुढच्या पायांनी अशी जोरात उडवते की आपल्या तोंडावर येते.

लाव्हा बघायला मिळेल का?

नाही. जुनी छायाचित्रं बघून लोक विचारतात. आरेनाल १९६८ मध्ये फुटला, गावं गाडली गेली, आणि पुढे २०१० पर्यंत तो धुमसत होता. आता शांत आहे. विवराच्या काठावर उभं राहायचं असेल तर पोआस किंवा इरासू. पोआस मधूनच बंद करतात, आदल्या दिवशी चौकशी करा.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, मुलगी आठ वर्षांची. झिपलाइन वगैरे झेपेल?

मुलीला नक्की, वयाची आणि वजनाची अट तेवढी आधी विचारा. आई-बाबांसाठी झुलते पूल. जंगलाच्या माथ्यावरून चालत जायचं, चढ बेताचा, आणि झिपलाइनवर ओरडत जाणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त पक्षी दिसतात. पाक्वारे नदीवरचं राफ्टिंग जगात नावाजलेलं आहे, पण ते तरुणांसाठी. ला फोर्तुनाजवळ पेन्यास ब्लांकास नदीवर संथ तराफ्यातून नेतात, ते सगळ्या घराला जमतं. मान्वेल आंतोनियोची मुख्य वाटही सपाट आहे.

गाडी भाड्याने घ्यावी का?

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय असेल तर घ्या. भारतातला परवाना चालतो, आंतरराष्ट्रीय परमिट बरोबर असलेलं बरं. मात्र इंटरनेटवर "दिवसाला १० डॉलर" असा दर दिसला तर हुरळून जाऊ नका. थर्ड पार्टी विमा इथे सक्तीचा आहे, तो बहुधा त्या दरात धरलेला नसतो, आणि काउंटरवर बिल तिप्पट होतं. बुकिंग करतानाच विम्यासकट आकडा लेखी मागवा. पावसाळ्यात आणि कोर्कोवादोकडे जायचं तर उंच, फोर व्हील गाडी घ्या. अंधारात चालवू नका, आणि नदी ओलांडायची वेळ आली तर पाणी किती ते आधी गावकऱ्याला विचारा. फक्त वरच्या तीन ठिकाणांपुरतं जायचं असेल तर शटल व्हॅन स्वस्त पडते आणि डोक्याला ताप नाही.

पत्त्यांचं सांगून ठेवतो. घरांना नंबर क्वचितच असतात. "चर्चपासून २०० मीटर दक्षिणेला, ५० मीटर पूर्वेला" असा पत्ता देतात, आणि १०० मीटर म्हणजे एक चौक, मग खरं अंतर काही का असेना. सान होसेत एका तोडलेल्या जुन्या वडाच्या जातीच्या झाडापासून अजून पत्ते सांगतात. सदाशिव पेठेतल्या माणसाला हे जड जाणार नाही.

शाकाहारी माणसाचं कसं होईल?

उपाशी राहणार नाही, पण तेच तेच खावं लागेल. नाश्त्याला गायो पिंतो, म्हणजे काळ्या घेवड्याच्या दाण्यांत परतलेला आदल्या दिवशीचा भात. आपला फोडणीचा भातच. जेवायला कासादो: भात, उसळ, कोशिंबीर, पिकलेल्या राजेळीसारख्या केळ्याचे तळलेले काप, आणि एक मांसाचा तुकडा, जो वगळायला सांगायचा. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" (मांस नको, कोंबडी नको, मासे नको) असं तिन्ही म्हणा. नुसतं "कार्ने नको" म्हटलं तर कोंबडी येते. उसळीत डुकराची चरबी असू शकते, कडक शाकाहारी असाल तर "मांतेका?" असं विचारा. सोदा नावाच्या छोट्या खानावळींत हे सगळं हॉटेलच्या निम्म्या किमतीत मिळतं. जैन मंडळींनी मात्र स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यावी.

कॅरिबियन किनाऱ्यावर भात नारळाच्या दुधात शिजवतात, तो कोकणी माणसाला लगेच आवडतो. रस्त्यावर शहाळी मिळतात, कैरीला मीठ-लिंबू लावून देतात. आणि डोंगरातल्या खानावळीत आग्वा दुल्से मागवा. उसाचा रस आटवून केलेला गूळ गरम पाण्यात विरघळवून देतात, चहाऐवजी. गूळ साच्यातून काढलेल्या निमुळत्या ढेपांच्या रूपात बाजारात मिळतो. जुनी गुऱ्हाळं अजून आहेत, काही ठिकाणी बैल लावलेली.

साप, डास?

तेर्सिओपेलो नावाचा विषारी साप आहे, पानांच्या पाचोळ्यात दिसत नाही. वाटेवरून उतरायचं नाही, रात्री विजेरीशिवाय पाय टाकायचा नाही, न बघता फांदीला हात लावायचा नाही. उतारा देशातच बनतो, सान होसेजवळच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेत, जसा आपल्याकडे हाफकिनमध्ये बनत आला आहे. डासांचं जास्त मनावर घ्या. डेंग्यू आहे. मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे.

समुद्रात पोहता येतं?

ठिकाण बघून. आत ओढणारे प्रवाह जोरदार आहेत आणि बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतो. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. खाडीच्या आणि नद्यांच्या मुखाशी मगरी असतात, तार्कोलेस नदीच्या पुलावरून खाली बघितलंत की आपोआप पटेल.

पैसे किती आणि कोणते न्यावेत?

लॅटिन अमेरिकेच्या मानाने देश महाग आहे, थायलंडचे हिशेब इथे लावू नका. डॉलर सगळीकडे घेतात, कार्ड चालतं, पण खानावळी आणि बससाठी थोडे कोलोन (तिथलं चलन) ठेवा. रेस्टॉरंटच्या बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क लागतं, वर टिप देण्याची सक्ती नाही. गाईडला मात्र द्या.

चोरीमारी?

भुरट्या चोऱ्या आहेत. समुद्रावर जाताना गाडीत काहीही ठेवू नका, डिकीतसुद्धा. मदतीसाठी क्रमांक ९११.

सामानात काय हवं?

पातळ रेनकोट, लवकर वाळणारे कपडे, मोंतेवेर्देसाठी एक स्वेटर, पकड असलेले बूट, छोटी दुर्बीण. जीन्स नेऊ नका, तीन दिवस वाळत नाही. नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी पिता येतं, म्हणून बाटली घरूनच न्या. प्लग अमेरिकन पद्धतीचे दोन चपट्या पट्ट्यांचे आणि वीज १२० व्होल्टची, त्यामुळे फोनचे चार्जर चालतील, पण भारतातून नेलेली पाणी तापवायची किटली तिथे चहाचं आधण येऊ देणार नाही.